नऊ अंकी संख्या उलगडताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

कुणीतरी एक लांबलचक संख्या पुढे करतं आणि विचारतं, "हिच्याबद्दल काय काय सांगता येईल?" ती मूळ आहे का, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का. मी हे पहिल्यांदा करायला बसलो तेव्हा सगळी सूत्रं पाठ होती, तरी एकही उत्तर बरोबर आलं नाही. दोष सूत्रांचा नव्हता. एक अवयव त्या संख्येत दोनदा होता आणि मी तो एकदाच धरला होता. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी अवयव, घातांकांसह आणि ताळा करून. बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यानंतर काही मिनिटांत होतात.

या लेखात मी ९८७६५४३२१ ही संख्या घेतली आहे. दिसायला गमतीची असली तरी नवख्याला अडकवणाऱ्या बऱ्याच जागा तिच्यात आहेत. वाचता वाचता सोबत हाताने करत चला.

काय लागेल

- चौकटीचा कागद आणि पेन्सिल. चौकटी महत्त्वाच्या आहेत. लांब भागाकारात अंक एक घर सरकला की पुढचं सगळं वाया जातं.
- साधा गणकयंत्र, किमान दहा अंक दाखवणारा.
- ६२० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. छापील मिळाली नाही तर एराटोस्थेनिसच्या चाळणीने (प्रत्येक मूळ संख्येच्या पटी खोडत जाण्याची रीत) तासाभरात होते.
- संगणक असेल तर पायथन ही संगणकभाषा किंवा पारी-जीपी हा गणिताचा प्रोग्राम. दोन्ही फुकट मिळतात आणि पूर्णांक कितीही मोठा असला तरी एकही अंक गाळत नाहीत.

स्प्रेडशीट मात्र या कामाला नको. ती पंधरा अंकांपुढचं काही धरून ठेवत नाही. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या तिच्यात टाका, शेवटचे सहा अंक शून्य होऊन बसतील आणि कुठलीही सूचना येणार नाही. मग तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसाल.

पायरी १: संख्या नीट उतरवून घ्या

हे सांगायचं कारण स्वल्पविराम. आपण सवयीने ९८,७६,५४,३२१ असं लिहितो. पुढच्या कसोट्यांमध्ये मात्र अंकांचे तीन-तीनचे गट लागतात: ९८७, ६५४, ३२१. लाख-कोटीच्या स्वल्पविरामांवरून गट पाडले तर कसोटी हमखास चुकते. म्हणून मी संख्या दोनदा लिहितो, एकदा सलग आणि एकदा तीनच्या गटांत. संगणकात टाकताना स्वल्पविराम काढून टाका.

पायरी २: लहान अवयव काढा, आणि प्रत्येक अवयव पुन्हा तपासा

शेवटचा अंक १, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो:

९८७६५४३२१ = ९ × १०९७३९३६९

इथेच थांबून विचारा, ३ अजून शिल्लक आहे का? १०९७३९३६९ च्या अंकांची बेरीज ४७. नाही. म्हणजे ३ चा घातांक नेमका २.

७, ११ आणि १३ साठी वेगवेगळे भागाकार करू नका. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे तीनच्या गटांची आलटून पालटून वजाबाकी-बेरीज केली की तिन्ही कसोट्या एकदम होतात. सुरुवातीच्या संख्येवर: ३२१ − ६५४ + ९८७ = ६५४. आता फक्त ६५४ तपासायचा. ७ ने भागल्यावर बाकी ३, ११ ने ५, १३ ने ४. तिघेही बाद.

३७ साठी त्याच गटांची सरळ बेरीज करा, कारण २७ × ३७ = ९९९. ९८७ + ६५४ + ३२१ = १९६२, आणि ३७ × ५३ = १९६१. बाकी १. थोडक्यात हुकलं, पण हुकलं ते हुकलंच.

१७ साठी मला कुठलीच सोपी कसोटी आवडत नाही. सरळ भागतो:

१०९७३९३६९ ÷ १७ = ६४५५२५७

भाग गेला. माझा जुना घोटाळा नेमका इथेच झाला होता. १७ सापडल्याच्या आनंदात मी थेट १९ कडे गेलो. तुम्ही १७ ने पुन्हा भागा:

६४५५२५७ ÷ १७ = ३७९७२१

परत गेला! तिसऱ्यांदा मात्र बाकी ९ उरते. म्हणून आत्तापर्यंतचं चित्र असं:

९८७६५४३२१ = ३ × ३ × १७ × १७ × ३७९७२१

पायरी ३: ताळा करा, पण योग्य तो

आपल्याला नऊचा ताळा शाळेपासून माहीत असतो. इथे तो निरुपयोगी आहे, आणि हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. एक अवयव ९ असल्यामुळे उजव्या बाजूची नवबाकी शून्यच येणार, मग बाकीचे अवयव तुम्ही चुकीचे का लिहिले असेनात. ताळा जुळतो आणि आपण निश्चिंत होतो.

त्यामुळे अकराचा ताळा घ्या. उजवीकडून अंकांची एकाआड एक बेरीज-वजाबाकी: १ − २ + ३ − ४ + ५ − ६ + ७ − ८ + ९ = ५. दुसऱ्या बाजूला ९ ची बाकी ९, २८९ ची बाकी ३, ३७९७२१ ची बाकी १. ९ × ३ × १ = २७, आणि २७ ची ११ ने बाकी ५. जुळलं. शेजारचे दोन वेगळे अंक लिहिताना उलटसुलट झाले तर नऊचा ताळा ते कधीच पकडत नाही, अकराचा पकडतो. म्हणून मी अकराचा आधी करतो.

पायरी ४: थांबायचं कुठे ते ठरवा

एखाद्या संख्येला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने भाग जात नसेल तर ती मूळ. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण वर्गमूळ कशाचं हे चुकतं. सुरुवातीच्या संख्येचं वर्गमूळ ३१४२६ च्या थोडं पुढे आहे. ९ काढल्यावर मर्यादा १०४७५ वर येते. १७ चे दोन्ही तुकडे काढल्यावर ती थेट ६१६. म्हणजे प्रत्येक अवयव सापडला की मर्यादा नव्याने काढायची. जुनी मर्यादा धरून हजारो भागाकार करणारे लोक मी पाहिले आहेत.

६१६ पर्यंत ११२ मूळ संख्या आहेत. त्यातल्या काही तुम्ही आधीच बाद केल्या. उरलेल्या सगळ्यांनी भागून पाहिलं तर ३७९७२१ ला एकानेही भाग जात नाही. ती मूळ आहे. (हे काम जवळपास निम्म्यावर आणणारी एक वाट पायरी ७ मध्ये आहे.)

भागाकारांऐवजी फर्माची कसोटी वापरायची असेल तर जपून. ती म्हणते: प ही विषम मूळ संख्या असेल तर २ चा (प − १) वा घात प ने भागल्यावर बाकी १ उरते. उलट दिशेने हे खरं नाही. ३४१ घ्या. २ चा दहावा घात १०२४, आणि १०२४ = ३ × ३४१ + १. म्हणून २ चा ३४० वा घातही बाकी १ च देतो. पण ३४१ = ११ × ३१! ५६१ तर त्याहून वस्ताद: २ ऐवजी ५६१ शी सहमूळ असलेला (१ सोडून सामाईक विभाजक नसलेला) कुठलाही पाया घ्या, ती कसोटी पार करते, आणि ती ३ × ११ × १७ आहे. अशा संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. मिलर-राबिन ही फर्माच्या कसोटीची सुधारलेली आवृत्ती या जाळ्यात अडकत नाही. २, ३, ५ आणि ७ हे चार पाये घेतले तर ३२१५०३१७५१ पेक्षा लहान कुठल्याही संख्येबाबत तिचा निकाल पक्का असतो. नऊ अंकी संख्येला तेवढं पुरतं.

पायरी ५: लहान अवयव सापडतच नसतील तर

आपली संख्या दयाळू निघाली. तिची जुळी बहीण १२३४५६७८९ तशी नाही. तिच्यातून ९ काढला की १३७१७४२१ उरते, आणि यादीतून एक-एक करत गेलात तर पाचशेहून अधिक मूळ संख्यांनंतर पहिला अवयव हाती लागतो.

असं होतंय असं वाटलं की फर्माची वर्गांच्या फरकाची रीत करून पाहा. वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची आणि फरक पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं.

३७०४ चा वर्ग १३७१९६१६. फरक २१९५. पूर्ण वर्ग नाही.
३७०५ चा वर्ग १३७२७०२५. फरक ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग.

झालं काम. अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३, आणि दोन्ही मूळ आहेत. दोन प्रयत्नांत! अर्थात ही रीत अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच अशी झटपट चालते. ३७९७२१ × १७ सारख्या संख्येवर तिच्यामागे लागलात तर दिवस जाईल. मी दहा-पंधरा पावलं टाकून बघतो, नाही जमलं तर सोडतो.

पायरी ६: विभाजक, बेरीज, फाय

अवयव पक्के झाले की हे हिशेब यांत्रिक आहेत.

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार. (२ + १) × (२ + १) × (१ + १) = १८.

विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९) × (१ + १७ + २८९) × (१ + ३७९७२१) = १३ × ३०७ × ३७९७२२ = १५१५४७०५०२. यातून संख्या स्वतः वजा केली तर ५२७८१६१८१ उरतात. हे ९८७६५४३२१ पेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या.

फाय, म्हणजे तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती: ९ साठी ६, २८९ साठी २७२, ३७९७२१ साठी ३७९७२०. गुणाकार ६१९७०३०४०.

या फायच्या ओळीत सर्वांत जास्त चुका होतात. १७ चा वर्ग आहे म्हणून १६ × १६ करायचं नसतं. १७ × १६ करायचं असतं, म्हणजे एकदाच एकाने कमी. ९ साठीही तसंच २ × २ केलं तर या चुकीच्या मार्गाने ३८८८३३२८० येतात, खऱ्या उत्तराच्या दोन तृतीयांशाहूनही कमी, आणि आकडा पाहून काहीच संशय येत नाही.

मोबियस फलनाची (सगळे मूळ अवयव एकेकदाच असतील तर १ किंवा −१, नाहीतर ० देणारं फलन) किंमत कुणी विचारली तर हिशेब करू नका. वर्ग अवयव आहे, उत्तर शून्य.

पायरी ७: दोन वर्गांची बेरीज

मला या सगळ्यात सर्वांत आवडणारा भाग हा. प्रश्न: ९८७६५४३२१ = (काहीतरी) वर्ग + (काहीतरी) वर्ग असं लिहिता येईल का?

पहिला सापळा असा. विषम संख्येला ४ ने भागून ३ उरले तर हे अशक्य. यावरून अनेक जण ठरवून टाकतात की १ उरला तर जमणारच. १२३४५६७८९ ला ४ ने भागल्यावर १ च उरतो, पण तिचे अवयव ३६०७ आणि ३८०३ दोघेही ४ ने भागल्यावर ३ देतात आणि दोघे एकेकदाच येतात. तिथे जमत नाही. खरा नियम अवयवांवर आहे: ४ ने भागून ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे.

आपल्याकडे ३ दोनदा आहे, चालेल. १७ आणि ३७९७२१ दोघांची बाकी १. म्हणजे जमतं. किती प्रकारे? १ उरणाऱ्या अवयवांचे घातांक एकाने वाढवून गुणा, ३ × २ = ६, आणि निम्मे करा. तीन प्रकारे. (गुणाकार विषम आला तर हा शेवटचा टप्पा थोडा बदलतो.)

आता ते तीन प्रकार शोधू. आधी ३७९७२१ फोडा. ६१६ पासून खाली या आणि प्रत्येक वर्ग वजा करत जा: ६१६ ला उरतात २६५, ६१५ ला १४९६, ६१४ ला २७२५, ६१३ ला ३९५२, ६१२ ला ५१७७ (७२ चा वर्ग ५१८४, अगदी हळहळ वाटावी इतकं जवळ), आणि ६११ ला ६४००. ८० चा वर्ग!

३७९७२१ = ६११ चा वर्ग + ८० चा वर्ग

३ × १७ = ५१ ने दोन्ही संख्या गुणल्या की पहिला प्रकार तयार: ३११६१ आणि ४०८०. त्यांचे वर्ग ९७१००७९२१ आणि १६६४६४००. बेरीज करून पाहा.

उरलेल्या दोघांसाठी २८९ = १५ चा वर्ग + ८ चा वर्ग हे वापरायचं आणि ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखली जाणारी नित्यसमानता लावायची: (१५, ८) आणि (६११, ८०) यांचे तिरपे-सरळ गुणाकार. १५ × ६११ = ९१६५, ८ × ८० = ६४०, १५ × ८० = १२००, ८ × ६११ = ४८८८. एकदा पहिल्या जोडीची वजाबाकी आणि दुसरीची बेरीज, एकदा उलट. शेवटी ३ ने गुणायचं:

२५५७५ आणि १८२६४
२९४१५ आणि ११०६४

तिन्ही जोड्यांच्या वर्गांची बेरीज ९८७६५४३२१ येते. मी हे पहिल्यांदा जुळताना पाहिलं तेव्हा गणकयंत्र बिघडलंय का म्हणून पुन्हा कागदावर केलं होतं.

आणि आता पायरी ४ मध्ये राहिलेली ती वाट. ४ ने भागून ३ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेला भागत असेल तर ती दोन्ही संख्यांना भागतेच. ६११ = १३ × ४७, ८० मध्ये फक्त २ आणि ५. सामाईक काही नाही. म्हणजे ३७९७२१ चा कुठलाही मूळ अवयव ४ ने भागून १ देणाराच असणार. ६१६ पर्यंत अशा मूळ संख्या ५३ आहेत. ११२ ऐवजी ५३ भागाकार.

पायरी ८: फक्त मसावि हवा असेल तर अवयव पाडूच नका

९८७६५४३२१ आणि १२३४५६७८९ यांचा मसावि विचारला तर नवखा माणूस दोन्हींचे अवयव पाडायला बसतो. युक्लिडची रीत बघा: १२३४५६७८९ × ८ = ९८७६५४३१२. बाकी ९. आता १२३४५६७८९ ला ९ ने भाग जातो. मसावि ९. दोन ओळी.

पायरी ९: संख्या खरोखरच मोठी असेल तर

वीस-पंचवीस अंकांपर्यंत संगणक पापणी लवायच्या आत उत्तर देतो. पायथनमध्ये भागताना दुहेरी तिरकी रेघ वापरा. एकेरी रेघेने उत्तर दशांशात जातं आणि सुमारे सोळा अंकांपुढचं सगळं पुसलं जातं. वर्गमूळही पूर्णांकाचं घ्या, दशांशाचं नको.

शंभर अंकांपुढे गेलात की एक फरक पक्का लक्षात ठेवा: संख्या मूळ नाही हे कळणं आणि तिचे अवयव कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर स्प्रेडशीटमध्ये खराब झालेली एकवीस अंकी संख्या आठवते? ती २ चा ६७ वा घात वजा १. ल्यूकासने १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव दिले नाहीत. ते कोल यांनी १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षं सगळ्यांना फक्त "मूळ नाही" एवढंच माहीत होतं.

मूळ आहे की नाही हे झटपट ठरवता येतं. अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये त्यासाठी बहुपदी वेळेत चालणारी (अंक वाढले तरी वेळ आवाक्याबाहेर न जाणारी), कुठलाही आडपडदा नसलेली रीत दिली. अवयवांसाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी तशी रीत कुणाकडेच नाही. आरएसए मालिकेतली (अवयव पाडण्याचं आव्हान म्हणून दिलेल्या मोठ्या संख्या) २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही असंख्य संगणक जुंपून. त्यामुळे उत्तरपत्रिकेत "उरलेला तुकडा संयुक्त, अवयव माहीत नाहीत" असं लिहायला लाजू नका, पण त्याच्या फायची किंवा विभाजकांची किंमत मग लिहू नका.

हात बसवायला १२३४५६७८९८७६५४३२१ घ्या. सतरा अंक आहेत म्हणून साध्या गणकयंत्रावर करू नका. आधी वर्गमूळ काढा. १ हा अंक नऊ वेळा शेजारी-शेजारी मांडलेला दिसला की अर्धं काम झालं, कारण १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. घातांक दुप्पट करायला विसरला नाहीत तर विभाजक ४५ यायला हवेत. पायरी ७ वर जाण्याआधी शून्याचा वर्ग मोजायचा की नाही हे ठरवून घ्या, तिथे उत्तर त्यावर बदलतं.